काही राहिलं?

१

खोली सोडताना आमची एक ठरलेली पद्धत आहे. नवरा मोठी सॅक पाठीवर चढवून दारात उभा राहतो आणि विचारतो, "काही राहिलं?" मग मी मागे वळून सगळीकडे नजर फिरवते. पलंगाखाली, उशीखाली, दारामागच्या खुंटीवर, न्हाणीघरातल्या खिडकीच्या कठड्यावर. आणि मग म्हणते, "नाही. सगळं घेतलंय." एवढं म्हटल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही. लग्न झालं त्या वर्षी डोंगरातल्या एका मुक्कामी त्याचा बूट राहिला होता. एकच. उरलेला घाट तो एका पायात बूट आणि एका पायात माझी गुलाबी स्लीपर घालून उतरला. तेव्हापासूनची ही पद्धत.

बाळ झाल्यावर ही भटकंती बंद होणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. "आता त्या पिशव्या माळ्यावर टाका," सासूबाई म्हणाल्या होत्या. टाकल्याही होत्या. मग दाणू बसायला लागली आणि नवऱ्याने एक दिवस स्टुलावर चढून त्या स्वतःच खाली काढल्या, धूळ झटकली. घरात राहणं मलाही जड होत होतं.

दाणू हे काही तिचं खरं नाव नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "अगं, ही तर शेंग आहे. दोन दाणे!" महिनोन्महिने आम्ही माझ्या पोटाला शेंगच म्हणायचो. घरी आला तो एक दाणा. मुलगी. दुसरा, मुलगा, दवाखान्यातच राहिला. मला तो दाखवला नाही. "नका बघू, त्रास होईल," असं तिथले लोक म्हणाले, आणि मी तेव्हा अर्धवट गुंगीत होते. नवऱ्याने त्याला हातात घेतलं होतं, हे नर्सकडून कळलं. किती वेळ, काय म्हणाला, ते त्याने सांगितलं नाही. घरच्यांनी "एक तरी पदरात पडलं" म्हणत विषय मिटवला, आणि तो मिटलेलाच राहिला.

दाणू झोपायची नाही. म्हणजे झोपायची, पण मांजरासारखी, एक कान उघडा ठेवून. आणि झोपायची ती अंथरुणाच्या अगदी कडेला. मधोमध ठेवलं तरी सरकत सरकत कडेला जायची, पाठ बाहेरच्या बाजूला, तोंड रिकाम्या अर्ध्याकडे. "काही बाळं झोपतात अशी," डॉक्टर म्हणाले. मी रिकाम्या बाजूला उशी लावून बघितली. ती उशीला लाथा मारून ढकलून द्यायची.

मी विमा कंपनीत आहे. काय काय वाईट होऊ शकतं याचा विचार करायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते. नवरा मला काळजीमंत्री म्हणतो.

एका बसथांब्यावर सायकलवरून फिरणारं एक जोडपं भेटलं. माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून त्यातली बाई म्हणाली, "तुम्ही गादीवाल्यांकडे का जात नाही? पैसे घेत नाहीत. वाटसरूंना ठेवून घेतात. अशी झोप आयुष्यात लागली नव्हती आम्हाला."

झोप हा शब्द ऐकून मी तिथल्या तिथे रडायचीच बाकी होते.

२

गादीवाल्यांचं घर गावाच्या टोकाला होतं. खाली कारखाना, म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात छतापर्यंत कापसाचा ढीग. वर राहायच्या खोल्या. त्याच्याही वर एक अरुंद जिना जात होता, त्याच्या टोकाला बंद दार.

आत पाऊल टाकल्या टाकल्या मला कान दुखल्यासारखे वाटले. मग कळलं, आवाजच नव्हता. दारांना आतून कापूस भरलेलं कापड ठोकलेलं. भिंतींनाही. खुर्च्या, बाकडी, खिडकीचा कट्टा, सगळं मऊ. माझ्या हातून पाण्याची बाटली पडली तर तिचा ठप्पसुद्धा झाला नाही.

"सवय होईल," काकू म्हणाल्या. गादीवाल्यांच्या बायकोला आम्ही पहिल्याच मिनिटाला काकू म्हणायला लागलो, कारण त्यांच्या भुवयांत कापसाचे तंतू अडकले होते आणि अशा माणसाला दुसरं काही म्हणवत नाही. काका बुटके, रुंद हातांचे. दोघंही हळू बोलायची. कुणीतरी शेजारच्या खोलीत नुकतंच झोपलंय अशा बेताने.

काकांनी जमिनीवर पिंजलेला कापूस पसरला आणि म्हणाले, "झोपा."

"आत्ता? दुपारचे?" नवरा म्हणाला.

"माप घ्यायचंय, पाहुणे. प्रत्येकाची गादी वेगळी भरतो मी. कुणाची कंबर जड, कुणाचं डोकं."

"हिचं डोकं जड आहे, काका. काळजीने भरलंय. तिथे जरा जास्त कापूस टाका."

"आणि याचं पोट," मी म्हटलं. काका हसले. काकू हसल्या नाहीत. त्या दाणूकडे बघत होत्या.

आम्ही एकेक करून त्या कापसावर आडवे झालो. उठल्यावर उरलेला आकार काका वाकून बघायचे, हाताने चाचपायचे आणि मान हलवायचे. मग मी दाणूला ठेवलं. ती न रडता पडून राहिली, कधी नव्हे ते. मी तिला उचलल्यावर काका आमच्या वेळी राहिले त्याहून जास्त वेळ वाकून राहिले. मग बायकोला म्हणाले, "खोळ रुंद घे गं."

"किती?"

"दुप्पट."

एवढ्याशा पोरीला दुप्पट गादी. मला वाटलं, किती मोठ्या मनाची माणसं.

"जाताना तुम्ही सांगायचं," काकू खोळीचं कापड फाडत म्हणाल्या, "मग आम्ही ती फोडतो. कापूस परत पिंजतो. नाहीतर पुढच्या माणसाने तुमच्या झोपेवर का झोपायचं?"

"आणि नाही सांगितलं तर?" नवऱ्याने थट्टेने विचारलं.

"सांगतातच सगळे," काका म्हणाले. त्यांनी दाभणात दोरा ओवला आणि विषय संपवला.

३

दाणू झोपली. काय झोपली! दुपारी ठेवली ती उन्हं कलेपर्यंत हललीसुद्धा नाही. मीही झोपले. उठले तेव्हा हात-पाय माझेच आहेत का, हे बघावं लागलं इतकी गाढ.

उठल्यावर पहिलं काम, तिच्या नाकाखाली बोट. श्वास होता. ती गादीच्या डाव्या अंगाला, नेहमीसारखी कडेला. तिला उचलून घेतलं आणि चादर सारखी करायला वाकले, तर हात थांबला.

कापूस नवा होता, ताजा पिंजलेला. नव्या गादीत माणूस जिथे झोपतो तिथे खळगा पडतो. दाणू झोपली होती तिथे तो पडला होता. डोक्याचा छोटा गोल, पाठीचा लांबट. आणि उजव्या बाजूला, तोंड तिच्याकडे करून, अगदी तसाच दुसरा.

ती लोळली असणार. आधी इकडे झोपली, मग तिकडे सरकली. मी स्वतःला हे पटवून दिलं, आणि पटलंही, कारण पटण्यासारखंच होतं. मी त्या दुसऱ्या खळग्यावर तळवा ठेवला. कोमट होता.

खिडकीतून ऊन येत होतं. मी गादी ओढून सावलीत घेतली, दाणूला दूध पाजलं, तिला खांद्यावर टाकून खोलीभर फिरले, खाली जाऊन काकूंशी दोन शब्द बोलून आले. परत हात लावला. दाणूची बाजू गार पडली होती.

दुसरी अजून कोमट होती.

नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "झोप पुरी झाली की तुझं डोकं जास्त चालतं." कदाचित खरंही होतं. कारखान्यात काका पिंजण चालवत होते. भलंमोठं लाकडी धनुष्य, त्याला ताणलेली तात, तिच्यावर दांड्याचा ठोका. त्या मुक्या घरात तेवढाच एक आवाज होता. टण्ण. मग थरथर. मग पुन्हा टण्ण. कापसाच्या गाठी सुटून खोलीभर तंतू उडायचे.

४

पुढचे दिवस एकासारखे एक गेले. नवरा काकांना कापूस उचलायला मदत करायचा, मी काकूंबरोबर टाके घालायला शिकले. जेवण झालं की काकू रिकाम्या हाताने तो अरुंद जिना चढून वर जायच्या आणि बऱ्याच वेळाने खाली यायच्या.

"वर काय आहे, काकू?"

"एक गादी आहे आमची."

"वर कोण झोपतं?"

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "ती फोडायची राहिलीय, पोरी."

त्यांनी हे अशा साधेपणाने सांगितलं, जसं कुणी म्हणावं की कपडे वाळत घालायचे राहिलेत. मी पुढे विचारलं नाही. तुम्ही कुठे गावाबाहेर जाता का, असं एकदा विचारलं तर काका म्हणाले, "आम्ही? छे. हिला घर सोडून राहवत नाही." इतके वाटसरू घरात येऊन गेले, आणि ही दोघं गावच्या वेशीपर्यंतही जात नव्हती.

दाणूची झोप वाढत चालली होती. आधी मी खूश होते. मग दुधाची वेळ टळायला लागली. माझी छाती दगडासारखी व्हायची, झगा ओला व्हायचा, आणि ती आपली शांत. गालाला ओलं बोट लावायचं, तळव्यांना गुदगुल्या करायच्या, तेव्हा कुठे डोळे किलकिले करायची, दोन घोट प्यायची आणि मान टाकायची. उचलली की हलकी लागायची. मी नवऱ्याला म्हटलं, "हिचं वजन उतरलंय."

"काटा कुठाय इथे?"

"मला कळतं. रोज मीच घेते तिला."

"झोपत नव्हती तेव्हा तुला काळजी, झोपली तरी तुला काळजी. काळजीमंत्री, जरा रजा घ्या."

मी हसले, कारण बरोबरच होतं. माझी काळजी इतक्या वेळा खोटी निघाली आहे, की खरी असती तरी मला ओळखता आली नसती.

पण गादी मी रोज बघत होते. दाणूचा खळगा उथळ होत चालला होता. कुणीतरी तिथे हलकंच टेकून जातं आहे, इतपत. दुसरा खोल होत होता. त्यात आता डोक्याच्या गोलाशेजारी मुठीएवढा एक खड्डाही पडला होता. मूठ गालाशी घेऊन झोपावं तसा.

एका दुपारी मी वर आले तर नवरा गादीजवळ बसला होता. दाणू झोपलेली. त्याचा हात तिच्यावर नव्हता, शेजारी होता. तळवा जरासा वाकवून धरलेला, जसा आपण काहीतरी सांडू नये म्हणून धरतो.

"काय करतोयस?"

त्याने हात उचलला. "काही नाही. चादर गोळा झाली होती."

चादरीवर एकही सुरकुती नव्हती.

"आपण निघू या," मी म्हटलं.

"थांबू की अजून. किती छान झोपतेय बघ." तो दाणूकडे बघत नव्हता.

५

त्या वरच्या दाराला कुलूप नव्हतंच. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर काकू वर गेल्या आणि दार पुरतं लागलं नाही. मी खालच्या पायरीवर उभी होते. दाणू झोपलेली, नवरा कारखान्यात. कुणाच्या घरात असं डोकावणं मला शोभत नाही, हे मी स्वतःला सांगत होते आणि पायऱ्या चढत होते.

खोली लहान होती. भरपूर ऊन. सामान काही नाही. जमिनीवर एक लहान मुलाची गादी, खोळीवरचा रंग उडून गेलेला, टाके जुने आणि बारीक. खूप जुनी असणार, कारण काकूंच्या हाताला आता एवढे बारीक टाके जमत नव्हते. काकू तिच्या कडेला बसून थोपटत होत्या. हात गादीला लागत नव्हता. गादीच्या वर वीतभर, हवेत, एका लयीत, ज्या उंचीवर एखाद्या लेकराची पाठ असावी त्या उंचीवर.

"श्श," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय."

मला वाटलं बिचारी बाई. मला खरोखर आधी तेवढंच वाटलं. मग माझी नजर त्यांच्या हाताखाली गेली.

कापूस खालीवर होत होता. अगदी थोडासा. दाणू झोपल्यावर तिचं पोट जसं होतं तसा. मी नजर रोखून बघत राहिले, कारण नजर रोखून बघितलं की असले भास थांबतात असा माझा अनुभव आहे. थांबलं नाही.

गादीत दोन खळगे होते. एक लहान. आणि त्याला लागून एक मोठा, पाच-सहा वर्षांच्या मुलाचा वाटावा असा, गुडघे पोटाशी घेतलेला. दोन्ही सारखेच खोल.

"काकू," माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, "ही दोन..."

"आधी एकच होता," काकू म्हणाल्या. त्यांचा हात थोपटतच होता. "धाकटा. त्याची तेवढी गादी ठेवू या म्हटलं. कशाला फोडायची? मोठी लेक जाऊन त्याच्याशेजारी पडायची. मग तिलाही छान झोप लागायला लागली."

त्या माझ्याकडे वळल्या. चेहरा शांत होता. दमलेल्या आईचा असतो तसा.

"तुझी झोपलीय का?" त्यांनी विचारलं.

६

जिना मी कसा उतरले ते आठवत नाही. दाणू गादीवर होती. तिला उचललं तेव्हा माझा हात पटकन वर आला, रिकामं भांडं भरलेलं समजून उचललं की येतो तसा. मी तिला हलवलं, हाक मारली. तिने डोळे उघडले नाहीत. श्वास होता. लांबून चालत आल्यासारखा एकेक.

मी तिला तशीच खाली घेऊन गेले. "काका, आमची छोटी गादी फोडा. आत्ता."

काकांनी हातातलं काम ठेवलं. नवरा कापसाच्या ढिगाआडून बाहेर आला, डोक्यावर, खांद्यांवर कापूस. त्याने दाणूकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"आत्ताच?" त्याने विचारलं. एवढं बारीक बोललेलं मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"घे हिला. बघ उचलून."

त्याने घेतली. त्याचाही हात वर आला. पोरीला छातीशी घट्ट धरून तो उभा राहिला.

काकांनी गादी खाली आणून कारखान्याच्या मध्यावर ठेवली. कात्री काढली आणि माझ्याकडे बघत थांबले. "तुम्ही म्हणायचं. आईने म्हणायचं."

"म्हटलं की मी. फोडा."

"ती नाही म्हणाली तेव्हा," ते वर बघत म्हणाले, "मीही नाही म्हटलं मग."

कात्री शिवणीशी आली आणि मीच म्हटलं, "थांबा."

मी त्या गादीशी आडवी झाले. गार फरशीवर, कुशीवर. त्या दुसऱ्या खळग्यात हात ठेवला. आधी तळवा, मग हळूहळू कोपरापर्यंत. मी कधी बघितला नव्हता तो आकार. डोकं माझ्या तळव्यात बसलं. मान. पाठीचा तो छोटासा बाक, दाणूच्याच पाठीसारखा. पायाशी जरा रुंद, म्हणजे गुडघे बाहेर टाकून झोपणारा. मुठीच्या खड्ड्यात माझं बोट घातलं. कोमट होतं. मला वाटलं, ही एवढीशी ऊब कुणाचं काय बिघडवणार आहे? आपण सांभाळू दोघांना. मी जागी राहीन. मला जागं राहायची सवय आहे. मी कधी झोपतच नाही.

नवऱ्याच्या हातात दाणूने एक श्वास घेतला. पुढचा यायला फार वेळ लागला.

मी हात काढून घेतला. त्या लेकराला तेव्हा काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. ते त्याचं आहे.

"फोडा," मी म्हटलं.

शिवण उसवली. काकांनी कापूस दोन्ही हातांनी बाहेर ओढला, ढीग केला, धनुष्य त्यावर धरलं. टण्ण. त्या पहिल्या ठोक्याला दाणू किंचाळली. असं रडणं मी तिच्या जन्मापासून ऐकलं नव्हतं, भुकेचं, रागाचं, घर डोक्यावर घेणारं. त्या कापसाने मढवलेल्या भिंतींनासुद्धा ते गिळता येईना. मी तिला घेतलं, तिथेच ढिगावर बसून पाजलं. ती चावत, धापा टाकत प्यायली. टण्ण. टण्ण. कापूस उडत होता, उन्हात तरंगत होता, माझ्या केसांवर, तिच्या भुवयांवर बसत होता. नवरा गुडघ्यांवर बसून उडालेले पुंजके गोळा करून काकांकडे सरकवत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती.

थोड्या वेळाने त्या पांढऱ्या ढिगात कोणता कापूस कुठला, ते सांगता आलं नसतं.

आम्ही त्याच दुपारी निघालो. काका वेशीच्या अलीकडे थांबले. काकू खाली आल्याच नाहीत. घर सोडताना नवऱ्याने सॅक पाठीवर चढवली, दारात उभा राहिला, आणि काहीच न विचारता बाहेर पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, माझ्यावर दया केली. मी मनातून त्याचे आभार मानले.

७

पुढचा मुक्काम समुद्राजवळ होता. खोलीत एक साधा पलंग, कडक गादी, भिंतीपलीकडे कुणाचा तरी रेडिओ. दाणू दर तासाला उठली, रडली, प्यायली. उजाडता उजाडता झोपली आणि मी बघितलं तर ती पलंगाच्या मधोमध होती. हात-पाय चारी दिशांना फेकून, सगळी जागा आपलीच असल्यासारखी. मी कडेला दोन बोटं जागेवर अंग चोरून पडले होते आणि तोंडात चादरीचा बोळा घालून रडत होते. नवऱ्याने त्या अर्धवट उजेडात माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो झोपलेला नव्हता.

तिथे आम्ही बरेच दिवस राहिलो. दाणूचे गाल भरले. ती वाळू खायला शिकली. आम्ही दोघं तिच्याबद्दलच बोलायचो. कधीतरी बोलता बोलता थांबायचो आणि ते थांबणं पूर्वीसारखं टोचायचं नाही. मी काळजीही कमी करायला लागले होते. निदान तसं नवरा म्हणायचा.

निघायच्या सकाळी तो दाणूला घेऊन बाहेर उभा होता, घरमालकीणबाईंचा निरोप घेत. मी सॅक भरत होते. तिच्या बाजूच्या खिशात मोजे कोंबताना हाताला आधीच एक गुंडाळलेला मोजा लागला. जाड, लोकरीचा. इतक्या उकाड्यात हा कशाला वर, म्हणून ओढला. आतून कापूस बाहेर आला.

एवढासाच होता. मुठीत मावेल इतका. हलक्या हाताने, नीट गोल करून ठेवलेला. मी तो तळव्यावर घेतला.

कोमट होता.

खिडकीतून ऊन येत होतं. सॅक उन्हातच होती. मोजा लोकरीचा. या सगळ्या गोष्टी मी मनात एकामागून एक मांडल्या आणि त्या प्रत्येकीला मान डोलावली. मग तो कापूस तळव्यात अगदी थोडा वर आला, आणि खाली गेला.

बाहेर दाणू खिदळत होती. मला काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. पलीकडे समुद्र होता, वारा होता. बोटांनी तंतू तंतू सोडवायचा, खिडकीतून हात बाहेर काढायचा. मी नवऱ्याचा विचार केला. गुडघ्यांवर बसलेला, पाठ फिरवलेला. त्या दवाखान्यात त्याच्या हातात जे होतं ते त्याला परत द्यावं लागलं होतं. मला ते कधीच मिळालं नव्हतं. आत्ता होतं.

एवढासाच तर आहे, मी म्हटलं. एका गादीपुरता नाही. उशीपुरताही नाही.

नवरा आत आला. दाणूला त्याने माझ्या छातीशी झोळीत बसवलं, पट्टे आवळले आणि सॅक पाठीवर चढवून दारात उभा राहिला. माझी पाठ त्याच्याकडे होती. कापूस मोज्यात घालणं, मोजा गुंडाळून बाजूच्या खिशात ठेवणं, चेन ओढणं, हे सगळं तो यायच्या आतच झालं होतं. माझा तळवा अजून गरम होता.

"काही राहिलं?" त्याने विचारलं.

त्या घरानंतर पहिल्यांदाच. मी वळून बघितलं. पलंगाखाली, उशीखाली, खुंटीवर. मग त्याच्याकडे. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला कळलं होतं की मला कळलं आहे.

"नाही," मी म्हटलं. "सगळं घेतलंय."

त्याने उंबरा ओलांडला. मी मागून निघाले. रस्त्याला लागेपर्यंत दाणूला झोप आली होती. तिने माझ्या छातीवर गाल टेकला. मग, डोळे मिटलेलेच, ती हळूच झोळीच्या एका बाजूला सरकली.